समुद्र नसलेल्या गावात डॉल्फिनचा माहितीपट: काय दाखवावं, काय गाळावं

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात त्या आठवी-नववीला विज्ञान शिकवतात. डॉल्फिनची शिकार आणि कैद उघडी पाडणारा एखादा माहितीपट मुलांना दाखवायचा त्यांचा विचार आहे. जपानमधल्या अशा शिकारीवरचा 'द कोव्ह' त्यांनी स्वतः मोबाईलवर पाहिला आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. आता अडचणी दोन. त्यातला डॉल्फिनच्या रक्ताने लाल झालेला समुद्र मुलांना दाखवावा का, ही पहिली. मुख्याध्यापक म्हणतात, "बाई, उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर येतो, तुम्ही समुद्राचं काय घेऊन बसलात?" ही दुसरी.

मी जळगावचा. गेली सतरा वर्षं प्रोजेक्टर आणि पडदा गाडीत टाकून जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळा, आश्रमशाळा, वाचनालयं आणि गणेश मंडळांत माहितीपट दाखवत फिरतो. डॉल्फिनवरचे पंचवीस-तीस वेळा तरी दाखवले असतील. त्यातून जे कळलं ते सांगतो. पण बरंच काही तुमच्या वर्गावर अवलंबून आहे. मुलं माळकरी घरातली आहेत की भोईवाड्यातली, कुणाच्या घरी नुकतं काही वाईट घडलंय का, मुलं तुमच्याशी किती मोकळेपणाने बोलतात, हे तुम्हालाच माहीत. तेव्हा माझं उत्तर आपल्या वर्गाच्या मापाने बेतून घ्या.

रक्ताचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, त्याकडे नंतर येतो. मुख्याध्यापकांचा प्रश्न अवघड आहे आणि मला तो अगदी रास्त वाटतो, म्हणून आधी तो.

काही वर्षांपूर्वी भुसावळला एका सभागृहात 'द कोव्ह' दाखवला. संपल्यावर दिवे लागले. मागच्या रांगेतून चाळिशीतले एक गृहस्थ उभे राहिले. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, फोटो शोधला आणि पुढे येऊन माझ्या हातात दिला. दुबईच्या सहलीतला फोटो होता. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी निळ्या टाकीच्या काठावर गुडघे टेकून बसलेली आणि डॉल्फिन तिच्या गालाला तोंड लावतोय. "हा आमच्या हॉलमध्ये मोठा करून लावलाय," ते म्हणाले. "आता घरी जाऊन मी पोरीला काय सांगू?" सभागृहात कुणी बोललं नाही. मलाही लगेच उत्तर सुचलं नाही.

मुख्याध्यापकांना माझं उत्तर हेच आहे. जळगाव-धुळ्याहून समुद्र लांब असेल, तिकीट लांब नाही. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीत दुबईला, थायलंडला जातात आणि ट्रॅव्हल्सवाल्याच्या पॅकेजमध्ये डॉल्फिन शो असतो. आज तुमच्या वर्गातल्या पोरांचे आईबाप जात नसतील, पण ही पोरं उद्या कमावती होतील, आपल्या लेकरांना घेऊन जातील. शिवाय आपली तापी सुरतेपाशी समुद्रालाच मिळते. शिकारीचा सगळा व्यवहार ज्या पैशावर चालतो तो त्या तिकिटातून येतो, हे एकदा नीट कळलं की मुलांना जपान परकं वाटत नाही.

तो व्यवहार असा चालतो. ताईजी हे जपानच्या वाकायामा प्रांतातलं किनाऱ्यावरचं छोटं गाव. दरवर्षी सप्टेंबरमध्ये तिथे शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि हिवाळाभर चालतो. होड्या खोल समुद्रात जाऊन डॉल्फिनचा कळप गाठतात, त्याला हाकत किनाऱ्याकडे आणतात, एका अरुंद खाडीत कोंडतात आणि खाडीचं तोंड जाळ्याने बंद करतात. मग डॉल्फिन शोसाठी निवड होते. प्रशिक्षक पाण्यात उतरून बघतात: वय कोवळं हवं, अंगावर जखमा नकोत, मादी असली तर जास्त बरी. निवडलेले झोळीत घालून वेगळे नेतात. उरलेल्यांतल्या बहुतेकांचं मांस होतं. २००९च्या या चित्रपटात भावही दिलेले आहेत: शिकवून तयार केलेल्या जिवंत डॉल्फिनला दीड लाख डॉलरपर्यंत, मांसाच्या डॉल्फिनला सहाशेच्या आसपास. म्हणजे अडीचशे पट. सारंगखेड्याच्या यात्रेत नाचणाऱ्या घोडीला किती भाव येतो आणि टांग्याच्या घोड्याला किती, हे ज्या पोरांनी पाहिलंय त्यांना यापुढे समजवावं लागत नाही. शो बंद पडले तर हाकाऱ्याचं गणित फार मोडकळीला येईल, असं त्या चित्रपटाचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

म्हणूनच मी शिकारीपासून सुरुवात करत नाही. आधी कैद, मग शिकार. मुलं शोच्या बाजूने आत शिरली पाहिजेत, कारण शो आवडणं अगदी स्वाभाविक आहे. उड्या मारणारा, चेंडू नाकावर तोलणारा डॉल्फिन पाहून त्यांना हसू द्या, टाळ्या वाजवू द्या. थांबवू नका.

मग रिक ओ'बॅरी यांची गोष्ट सांगा. १९६०च्या दशकात अमेरिकेत 'फ्लिपर' ही मालिका गाजली, तिच्यात काम करणारे डॉल्फिन यांनीच पकडले आणि यांनीच शिकवले. डॉल्फिन शोचं जे वेड पुढे जगभर पसरलं त्याला त्या मालिकेचा मोठा हातभार लागला. त्यातली कॅथी नावाची डॉल्फिन १९७०मध्ये त्यांच्या हातांत मेली. डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही, प्रत्येक श्वास तो ठरवून घेतो. कॅथीने पुढचा श्वास घेतलाच नाही, ती आत्महत्या होती, असं ओ'बॅरी आजवर सांगत आलेत. ते थोड्याच दिवसांत बहामातल्या बिमिनी बेटावर एका कैदी डॉल्फिनला सोडवायला गेले आणि त्यांना अटक झाली. तेव्हापासून सगळं आयुष्य त्यांनी याच कामात घातलं. 'द कोव्ह' उभा आहे तो या माणसाच्या अपराधी मनावर. दहा वर्षं उभं केलेलं स्वतःच मोडायला निघालेला माणूस मुलांना लगेच कळतो. मुलांना खलनायकापेक्षा चूक कबूल करणारा मोठा माणूस जास्त दिसायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

इथे एक आठवण सांगतो. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या पारासमोर पडदा लावला होता. पडद्यावर शोमधला डॉल्फिन पाण्याबाहेर तोंड काढून उभा होता. एक मुलगा ओरडला, "पहा, कसा हासतोय!" पुढेच एक आजोबा बसले होते, आयुष्यभर बैलं राखलेले. मागे न वळता ते म्हणाले, "तो हासत नही रे, त्यानं तोंडच तसं शे." मी मालिका, पिंजरा, मानसिक ताण असं पंधरा मिनिटं समजावणार होतो, ते आजोबांनी एका वाक्यात सांगितलं. डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी असते. तो मरतानाही 'हसतच' असतो. मग त्यांनीच नंदीबैलाचा विषय काढला. गुबुगुबु वाजलं की नंदी मान हलवतो, पाऊस येईल का विचारलं की 'हो' म्हणतो, आणि आपण धान्य घालतो. ती मान त्याला कशी शिकवलेली असते, कधी चारा दाखवून आणि कधी वेसण ओढून, हे त्यांनी पोरांना सांगितलं. आता मी प्रत्येक गावात नंदीबैलापासूनच सुरुवात करतो. डॉल्फिनला खेळ शिकवतानाही मेलेले मासे हातात धरून एकेक करत दिले जातात, आणि पोट भरलेलं असलं तर तो खेळ करत नाही. इतकं सांगितलं की वर्ग शांत होतो.

तुमची नववीची मुलं जरा समजूतदार असतील तर याच टप्प्यावर 'ब्लॅकफिश'मधले काही भाग जोडता येतील. गॅब्रिएला काउपर्थवेट यांचा हा २०१३चा माहितीपट. ओर्का, म्हणजे लोक ज्याला किलर व्हेल म्हणतात तो प्राणी, खरं तर डॉल्फिनच्याच कुळातला सर्वांत मोठा. टिलिकम नावाचा ओर्का १९८३मध्ये आइसलंडजवळ पकडला गेला तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. पुढे आयुष्यभर टाकीत राहिला आणि १९९१, १९९९ आणि २०१० अशा तीन वेळा त्याच्या टाकीत माणसांचे जीव गेले. २०१०मध्ये गेलेली डॉन ब्रँचो त्याची अनुभवी प्रशिक्षक होती. मृत्यूचे ते भाग मी शाळेत दाखवत नाही, नुसतं सांगतो. पण एक भाग मात्र आवर्जून दाखवतो. १९७०मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ओर्कांची पिल्लं पकडण्याच्या कामावर असलेला एक पाणबुड्या म्हातारपणी ते दिवस आठवतो. पिल्लू झोळीत घालून ओढत होते आणि बाकीचा कळप पळून न जाता जाळ्याबाहेर तिथेच ओरडत राहिला, हे सांगताना त्या दांडग्या माणसाला रडू आवरत नाही. आपल्या पोरांनी गोठा पाहिलेला असतो. वासरू विकल्यावर गाय दोन-दोन रात्री कशी हंबरते ते त्यांनी ऐकलेलं असतं. इथे काहीही बोलू नका. त्यांचं त्यांना आठवतं.

आता हाकारा. माझ्या मते संपूर्ण 'द कोव्ह'मधला सर्वांत मोलाचा भाग हा आहे, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. होड्या ओळीने उभ्या राहतात. प्रत्येक होडीतून लांब लोखंडी नळ्या पाण्यात सोडतात, नळीचं खालचं टोक पसरट असतं, आणि वरच्या टोकावर माणसं हातोडी मारत राहतात. पाण्यात आवाजाची भिंत उभी राहते. डॉल्फिनची दुनिया आवाजाची असते. तो आवाज सोडतो, त्याचा प्रतिध्वनी ऐकतो आणि त्यावरून समोर काय आहे ते 'पाहतो'. अशा प्राण्यासाठी तो ठणठणाट म्हणजे आपल्या डोळ्यांवर टॉर्च मारण्यासारखं, आणि तेही चारही बाजूंनी. तो उलट दिशेला पळतो. उलट दिशेला खाडी असते.

सातपुड्यातल्या जुन्या माणसांना 'हाका' हा शब्द नवा नाही. डोंगरातून जनावर उठवून एका बाजूला लोटायचं, तिथे बंदूक घेऊन माणूस बसलेला. आणि ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून डबा बडवणं तर आपल्याकडच्या पोरापोरींनी स्वतः केलेलं असतं. पण पाण्यातला आवाज काय असतो हे सांगून कळत नाही, ते अनुभवायलाच हवं. मी हे असं करतो. शाळेतल्या पाण्याच्या मोठ्या टाकीला एका मुलाला कान लावायला सांगतो. दुसरा मुलगा टाकीच्या विरुद्ध बाजूला पाण्यात हात घालून दोन दगड एकमेकांवर आपटतो. कान लावलेला मुलगा दचकून मागे सरतो, दर वेळी. गावातल्या विहिरीत पोहणाऱ्या मुलांना घरी करायला एक प्रयोग सांगा, अर्थात मोठं माणूस सोबत असेल तरच: डोकं पाण्याखाली घ्यायचं आणि मित्राने पलीकडच्या पायरीवर पाण्याखाली दगड वाजवायचे. दुसऱ्या दिवशी मुलं येऊन सांगतात, "सर, आवाज कुठून आला तेच कळेना, सगळीकडून आला." त्याचं कारण तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १,५००. दोन्ही कानांवर तो इतक्या थोड्या फरकाने पोचतो की आपल्या मेंदूला दिशा ठरवता येत नाही. ध्वनीचा धडा आणि हा माहितीपट एकाच आठवड्यात घेतलात तर मुख्याध्यापकांपुढे अभ्यासक्रमाचा मुद्दाही राहणार नाही.

रक्ताचा प्रश्न. इथे मी चुकलेलो आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. २०११ साली चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत पाचवी ते दहावी सगळी मुलं एकाच पटांगणात बसवली होती. मला वाटलं, सत्य आहे ते आहे, झाकायचं कशाला. खाडीचं पाणी लाल होतं तो शेवटचा भाग मी पूर्ण दाखवला. सहावीतली एक मुलगी उठून गेली. चार दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. ती जेवत नव्हती, रात्री दचकून उठत होती. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, तुम्ही गेले. आम्ही काय करायचं तिचं?" त्या मुलीला मी दोनदा जाऊन भेटलो. तेव्हापासून माझा नियम आहे: चौदा वर्षांखालच्या मुलांना तो भाग नाही. त्यापुढच्यांनाही आधी सांगून, आणि ज्याला बाहेर बसायचं आहे त्याला विचारपूस न करता बाहेर बसू द्यायचं. अमेरिकेतही दोन्ही चित्रपटांना तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र आहे.

तुमच्या आठवी-नववीसाठी मी तो भाग गाळेन. त्याऐवजी त्याच्या अलीकडचा भाग दाखवा: चमू तिथपर्यंत कसा पोचला. खाडीभोवती कुंपण आणि पहारा, कॅमेऱ्याला बंदी. दिग्दर्शक लुई सिहोयोस यांच्या लोकांनी खोट्या दगडांच्या पोटात कॅमेरे बसवले, रात्री उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पहारेकऱ्यांवर नजर ठेवली, आणि श्वास रोखून खोल जाणाऱ्या पाणबुड्यांनी पाण्याखालचे ध्वनिग्राहक तळाशी नेऊन ठेवले. पोरांचे डोळे पडद्यावरून हलत नाहीत. नंतर पाण्याखालचा आवाज ऐकवताना चित्र बंद करा, नुसता स्पीकर चालू ठेवा. शिट्ट्या ऐकू येतात, दाट, एकमेकांत मिसळलेल्या, आणि मग त्या विरळ होत जातात. एवढं पुरतं. डोळ्यांनी पाहिलेल्या रक्तापेक्षा ते जास्त दिवस मनात राहतं आणि मुलाचं जेवणही बंद होत नाही.

आणखी एक भाग सोडू नका: पाऱ्याचा. डॉल्फिन समुद्राच्या अन्नसाखळीत वरच्या टोकाला असतो, त्यामुळे लहान माशांतला पारा साठत साठत त्याच्या मांसात येतो. पाऱ्याने काय होतं हे जपानला चांगलं माहीत होतं. मिनामाताचा आजार तिथेच, १९५६मध्ये पहिल्यांदा अधिकृतपणे नोंदला गेला. तरीही ताईजीत शाळेच्या जेवणात डॉल्फिनचं मांस दिलं जात होतं. तिथल्याच दोन नगरसेवकांनी चाचण्या करून त्याला जाहीर विरोध केला आणि ते माहितीपटात चेहरा न लपवता बोलले. आपल्या मुलांना शालेय पोषण आहाराची खिचडी रोज मिळते. ताटात काय पडतं हे विचारायचा हक्क कुणाचा, यावर मी पाहिलेल्या सर्वांत जिवंत चर्चा याच भागानंतर झाल्या.

त्या दोन नगरसेवकांचा मला दुसराही उपयोग होतो. हा माहितीपट पाहून मुलं, आणि मोठेही, जपान्यांबद्दल वाईटसाईट बोलायला लागतात. हे होऊ देऊ नका. तिथल्या तिथे थांबवा. बहुसंख्य जपानी माणसांनी डॉल्फिन कधी खाल्लेला नाही. चित्रपटात टोकियोच्या रस्त्यावर विचारलं तेव्हा लोकांना ही शिकार माहीतही नव्हती. ताईजीची बाजूही आहे. तिथे देवमाशांची संघटित शिकार सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आली, आणि बाहेरची माणसं कॅमेरे घेऊन येऊन आपल्याला राक्षस ठरवतात, असं त्या गावकऱ्यांना वाटतं. मेगुमी सासाकी या जपानी दिग्दर्शिकेने २०१६मध्ये त्याच गावात जाऊन दोन्ही बाजूंची माणसं दाखवणारा माहितीपट केला. तो मिळाला तर तुम्ही स्वतः जरूर पाहा, वर्गात बोलायला बळ येतं.

आकड्यांबाबतही चोख राहा. 'द कोव्ह'मध्ये वर्षाला २३,००० हा आकडा येतो. तो सगळ्या जपानमधल्या डॉल्फिन आणि पॉर्पॉइज (डॉल्फिनचे छोटे नातलग) यांचा मिळून आहे, आणि त्यातला मोठा वाटा उत्तरेकडे भाल्याने मारल्या जाणाऱ्या डॉल पॉर्पॉइजचा होता. ताईजीचा वार्षिक कोटा दोन हजारांच्या आसपासचा. एखाद्या पालकाने इंटरनेटवर हे शोधलं आणि तुमचा आकडा चुकलेला निघाला, तर खरं होतं तेही खोटं ठरतं. माझ्यावर ती वेळ आलेली आहे. आणि क्रूरता जपानची मक्तेदारी नाही हेही सांगा: १२ सप्टेंबर २०२१ला युरोपातल्या फेरो बेटांवर एकाच दिवशी १,४२८ डॉल्फिन मारले गेले.

मुलं हमखास विचारतात, "मग सर, पिक्चर काढून काय झालं? बंद झालं का?" खोटं सांगू नका. बंद झालेलं नाही. 'द कोव्ह'ला मार्च २०१०मध्ये ऑस्कर मिळालं, तरी ताईजीच्या होड्या आजही निघतात. पण काही हललं. प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने एप्रिल २०१५मध्ये जपानी संघटनेचं सदस्यत्व स्थगित केलं आणि पुढच्याच महिन्यात जपानी संघटनेने आपल्या सदस्यांना ताईजीच्या हाकाऱ्यातले डॉल्फिन घ्यायला मनाई केली. 'ब्लॅकफिश'नंतर तीन वर्षांत, मार्च २०१६मध्ये, टिलिकम ज्यांच्याकडे होता त्या सीवर्ल्ड कंपनीने ओर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं. टिलिकम जानेवारी २०१७मध्ये टाकीतच मेला. यापेक्षा जुनं आणि मला फार आवडणारं उदाहरण सॅम लाबड या तरुणाचं. १९८७मध्ये तो ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर कामाला लागला, हातात साधा व्हिडिओ कॅमेरा, आणि जाळ्यात अडकून मरणारे डॉल्फिन त्याने गुपचूप टिपले. ती चित्रं अमेरिकेत घराघरांत दिसली आणि १९९०मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांना डॉल्फिनचा जीव घेऊन पकडलेला ट्यूना नाकारावा लागला. तिथे डब्यातला मासा विकत घेणाऱ्यांनीच ते घडवलं. पुन्हा तेच, तिकीट.

आपल्या देशाचं काय, हेही विचारलं जातं, आणि इथे अभिमानाने सांगण्यासारखं आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळ परदेशातून डॉल्फिन आणले होते, ते काही महिन्यांतच मेले. नंतर कोचीसह काही ठिकाणी डॉल्फिनेरियमचे बेत होते. मे २०१३मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने राज्यांना कळवलं की अशा प्रकल्पांना परवानगी देऊ नये. त्या परिपत्रकात डॉल्फिनच्या बुद्धीचा विचार करता त्याला कैदेत ठेवणं नैतिकदृष्ट्या मान्य होण्यासारखं नाही, अशी भूमिका घेतली होती. गंगेतला डॉल्फिन, बिहारी लोकांचा सोंस, २००९मध्ये आपला राष्ट्रीय जलचर ठरला. त्याला डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही, गढूळ पाण्यात तो आवाजावरच जगतो, म्हणजे तुमच्या टाकीच्या प्रयोगाचा खरा नायक हाच. २०२१ ते २०२३मध्ये नद्यांची मोजणी झाली तेव्हा ६,३२७ नदी-डॉल्फिन नोंदले गेले, त्यातले तीन सिंधू डॉल्फिन पंजाबातल्या बियास नदीत.

आणि मग दुसरी बाजू. ३१ डिसेंबर २०२०ला उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड जिल्ह्यात कालव्यात आलेल्या अशाच एका डॉल्फिनला लोकांनी काठ्या-कुऱ्हाडींनी मारलं. पुढच्या आठवड्यात तिथलाच मोबाईलवरचा व्हिडिओ फिरला तेव्हा अटका झाल्या. हा व्हिडिओ दाखवू नका, पण घटना जरूर सांगा. हातातल्या मोबाईलचा उपयोग काय होऊ शकतो, हे त्यांना पटकन समजतं.

शेवटी एक प्रश्न, जो तुमच्यापुढे येईलच. धडगावकडच्या एका आश्रमशाळेत आठवीतल्या एका पावरा मुलाने मला विचारलं, "आमी पण नदीत मासे मारतो. मग आमी पण तसेच का?" वर्गातली निम्मी मुलं त्याच्याकडे आणि निम्मी माझ्याकडे बघत होती. मी त्याला विचारलं, तू किती मारतो? "खायला लागतात तेवढे." मासा पकडून टाकीत ठेवून लोकांना दाखवून पैसे घेतो का? तो हसला. "कोण देईल?" मग त्यालाच फळ्यावर लिहायला लावलं: खायला मारणं, विकायला मारणं, दाखवायला कोंडणं. तिघांत काय वेगळं, यावर वर्ग तासभर बोलला. मी निकाल दिला नाही. मांसाहार करावा की नाही हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे, त्यात माहितीपट दाखवणाऱ्याने पडू नये. मारणं आणि कोंडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ताईजीत पैशाने ते एकत्र बांधलेत, इतकं मुलांच्या लक्षात राहिलं तरी माझ्यासाठी ते काम झालं.

तर क्रम असा धरा: पहिल्या दिवशी नंदीबैल, शो, ओ'बॅरी, वेळ उरला तर पाणबुड्याचा भाग. दुसऱ्या दिवशी टाकीचा प्रयोग, हाकारा, खोटे दगड, आवाज, शाळेचं जेवण आणि मग चर्चा. सलग दीड तास लावू नका, मुलं सुन्न होतात आणि बोलत नाहीत. भाषा इंग्रजी आहे, म्हणून आवाज बारीक करून शेजारी उभं राहून मराठीत, जमलं तर अहिराणीत सांगा. परवानगीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो: शाळेने आपल्या विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरता चित्रपट दाखवला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये त्याला मुभा आहे. गावाला आमंत्रण दिलं की ती मुभा राहत नाही.

खिडक्यांना लावायला काळं कापड नसेल तर केळीच्या घडांवर टाकतात ती जुनी गोणपाटं चालतात, मी तीच वापरतो. भुसावळच्या त्या गृहस्थांचा नंतर फोन आला होता. फोटो त्यांनी काढला नाही. मुलीला शेजारी बसवून 'फ्लिपर'ची गोष्ट सांगितली आणि तो डॉल्फिन कुठून आला असेल यावर दोघं बोलत बसले. आता फोटोखाली मुलीनेच एक चिठ्ठी चिकटवली आहे, "याचं घर हे नाही." तुमच्याकडे प्रोजेक्टर नसेल तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी दोंडाईचाला येतोय, तिथून तुमच्याकडे येईन. दोन दिवस लागतील, एका दिवसात करू नका.